तिसरा अर्ज

ऊसतोड बायकांच्या पाठदुखीवर संशोधनासाठी निधी मिळावा, म्हणून शिरूर कासारच्या डॉक्टर सत्यभामानं केलेला अर्ज दुसऱ्यांदा परत आला. "दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाऊन गाव रिकामं होतं, मग दर महिन्याला तपासणार कुणाला?" असं समितीनं विचारलं होतं. ती आधी चिडली, मग स्वतःवरच हसली. तिचा जन्मच दुष्काळी साली सहकारी साखर कारखान्यावरच्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत झालेला, अन् अर्जात मात्र तिनं बायकांना गावच्या दवाखान्यात बोलावलं होतं! तिसऱ्या अर्जात तिनं लिहिलं, "मी टोळीबरोबर जाईन, कोपीतच राहीन."

"कोयता सुटावा म्हणून तुला शिकवलं," आई छबुबाई कडाडली, "अन् तू परत फडात चाललीस व्हय?"

"आये, फडात तुझी पाठ कुणी तपासली व्हती का?"

छबुबाई कमरेला हात लावून उठली. तिनं ट्रंकेतली गोधडी काढली अन् म्हणाली, "कोपीत लई गारठा असतोय."