होमरन, फुटकी काच आणि माफी

मंडळी, खेळाडूंच्या आत्मकथनांवर माझा विश्वास नाही. बेसबॉलवाल्यांच्या तर मुळीच नाही. तरी वाचतो मात्र हावरटासारखा.

आज जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या जुन्या बाजारात असंच एक पुस्तक मिळालं. लेखक अमेरिकन सैनिक, एकोणीसशे पन्नासच्या दशकात इथेच होता. लिहितो, "माझ्या होमरनचा चेंडू मैदानाबाहेर जाऊन लगतच्या पिवळ्या घराची काच फुटली. मी लगेच जाऊन त्या बाईंची माफी मागितली."

मला शंका आली. इतकं गोड कुणी वागतं का?

आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, त्याच मैदानाजवळ वाढलेल्या. त्यांना वाचून दाखवलं.

"पिवळं घर आमचंच," त्या म्हणाल्या. "आल्झो," हे त्यांचं जर्मन 'तर मग', "काच फुटली हे खरं. पण माफी मागायला कुणी आलं नाही. आईने हिवाळाभर खिडकीला पुठ्ठा लावला होता."

"म्हणजे पकडलं खोटारड्याला!" मी खूश.

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "पण विसरला नाही बिचारा," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक माझ्याकडे राहू दे."

होमरन मारल्याचं तर सगळेच लिहितात. पण न मागितलेली माफी अशी लिहिली, तर तिला थाप म्हणायचं की माफीच? तुम्हाला काय वाटतं?