दहा बापांची हाक

आमच्या शेजारच्या काकांनी लोकसभेचा फॉर्म भरला तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता त्यांचा विषय निघाला तरी डोकं सणकतं.

काका आणि माझे बाबा भद्रावतीच्या फॅक्टरीत तीस वर्षं सोबत होते. रिटायर झाल्यावर दोघांनी शेजारी-शेजारी घरं बांधली. पेन्शन सुरू झाल्यापासून काकांना संस्कृतीची काळजी लागली. कुठल्याशा संस्कारवाल्या पक्षात ते घुसले. जिल्ह्यातली त्या पक्षाची सगळी माणसं एका ऑटोत मावली असती. मागणी मुख्य एकच: आईबापाच्या सहीशिवाय पोरीचं लग्न लागता कामा नये, तसा कायदा करा. आणि चिन्ह काय मिळालं, तर फ्रॉक. चंद्रपूरच्या त्या उन्हात हा माणूस काठीला फ्रॉक टांगून मतं मागत फिरला. लाज कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. निकालात नोटानंही त्याला मागे टाकलं, पण तोवर आमच्या घराचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला फॉर्मवर सही करणारा एक सूचक पुरतो. असल्या बारक्या पक्षाला दहा लागतात. काका फॉर्म आणि सोबत पक्षाच्या मागणीचा कागद घेऊन आमच्या अंगणात आले आणि बाबांनी चहा पिता पिता दोन्हींवर सही ठोकली. फॅक्टरीवाल्यांची ही जुनी खोड. ड्युटी बदलायची असो की क्वार्टर मिळवायचं असो, दोस्तानं कागद पुढे केला की सही करायची. जो वाचत बसला तो माणूस भरवशाचा नाही. आणि हेच बाबा आम्हा बहिणींना लहानपणापासून बजावत आले होते की वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही, नाहीतर आपले लोक शिकले कशाला?

माझ्या धाकट्या बहिणीनं चार वर्षांपूर्वी मूल तालुक्यातल्या एका धानाच्या शेतकऱ्याच्या पोराशी कोर्टात लग्न केलं. ते कुणबी, आम्ही बौद्ध. बाबा तीन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू बोलायला लागले, आणि तिला आठवा महिना लागला तेव्हा पहिलं बाळंतपण इथंच करायचं, हे त्यांनीच ठरवलं. मागच्या खोलीला स्वतः चुना मारला, खिडकीत कूलर बसवला.

त्याच आठवड्यात काकांचं पत्रक निघालं. वर मोठ्या अक्षरात 'दहा बापांची हाक', खाली तीच लग्नाची मागणी आणि मग दहाही सूचकांची नावं. तिसरं बाबांचं. ते पत्रक मूलपर्यंत कोणी नेलं कोणास ठाऊक, पण बहिणीच्या सासरच्या दारात येऊन पडलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, सही तुमचीच आहे?"

"माझीच."

"वाचून केली का?"

मी समोरच बसले होते. त्यांनी एक ओळ वाचली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसतं 'नाई' म्हणायचं होतं. पण जन्मभर पोरींच्या मागे 'वाचा, वाचा' करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघेना.

"मी वाचल्याशिवाय सही करत असतो का?" ते म्हणाले.

तिनं फोन ठेवला. ती येत नाही, हे नंतर जावयानं कळवलं.

मी तणतणत काकांकडे गेले. म्हटलं, "काका, माझ्या बापाचं नाव काढा त्या कागदावरून."

"काऊन? सही त्यानंच केली ना बाई. मी का त्याचा हात धरला होता?" आणि वर मलाच सरबत घेतेस का म्हणून विचारलं. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, म्हणून मला आणखी संताप आला.

मग मी बाबांच्या मागे लागले. "सांगा ना तिले, वाचलं नाई म्हून." ते म्हणायचे, "सांगीन." मतदान होऊन गेलं, काठीवरचा फ्रॉक काकांच्या गच्चीवर वाळत पडला, तरी बाबांचं 'सांगीन' काही संपेना. महिना गेला आणि मूलच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली.

आम्ही पहिल्या बसनं गेलो. बाबा खाटेजवळ नुसते उभे राहिले. तिची सासू बाजूला बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. तिच्यासमोरच बाबा म्हणाले, "मी तो कागद वाचला नोता बेटा. चहा पिता पिता सही केली. सांगाले लाज वाटली."

मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"मले तवाच माहीत होतं," बहीण म्हणाली. "फोनवर मी वाट पाहून राह्यली होती, तुमी कबूल करता का म्हून. तवा बोलले असते तर त्याच दिवशी गाडी करून आली असती."

मग तिनं बाळ उचललं. बाबांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. तिनं बाळ सासूजवळ दिलं.