बंदरावरचा जिना

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर अमेरिकेतल्या एका जुन्या बंदरावरचा जिना चढलो. तिथं राहणारा आमचा मुलगा सांगत होता, पूर्वी बोटीनं आलेली माणसं इथूनच वर जायची आणि वर डॉक्टर बघत उभे असायचे. ज्याला धाप लागली त्याच्या कोटावर खडूनं खूण करून त्याला बाजूला काढायचे. कधी बायको आत, नवरा माघारी.

माझी बायको कठडा धरून थांबली. "अहो, मला तर तिसऱ्याच पायरीला खडू लावला असता. तुम्ही सुटला असता!"

"गप चढ," मी म्हणालो. पण भ्यालो. किती नवराबायको इथं धाप लपवत चढले असतील.

त्याच संध्याकाळी तिची धाप वाढली, दवाखान्यात नेलं आणि तिथंच ती गेली. रात्रभर एकच भीती वाटत राहिली. जिथं गेली तिथंही दारात कुणी उभं असेल, काहीबाही विचारेल. तिला तर बाजारातसुद्धा मी बरोबर लागायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेकडून वाटीत दही मागून घेतलं. दवाखान्यात गेलो आणि गावाला निघालेल्याच्या हातावर ठेवतात तसं तिच्या गार तळहातावर चमचाभर ठेवलं.