खाडीवरचे कोल्हे

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डिंगच्या मागे मिठागरं होती आणि त्यापलीकडे खाडी. दुसऱ्या मजल्यावर एक सर राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. रविवारी सकाळी ते बिल्डिंगमधल्या हौशी लोकांना खाडीच्या बांधावरून फिरवून आणायचे. मी आणि माझा नवरा नेमाने जायचो. सर पुढे, आम्ही एकामागोमाग एक, बोलायचं नाही. ओहोटीच्या चिखलात बगळे, खेकडे, कधी एखादी धामण.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी आम्हाला तिवरांच्या कडेचं कोल्हिणीचं बीळ दाखवलं. बिळापासून लांब, बांधावर आम्ही उकिडवे बसून राहिलो. तीन पिल्लं बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. सर इतके खूश, की परतल्यावर सगळ्यांना घरी नेऊन चहा पाजला.

थोड्याच दिवसांनी त्याच बांधावर एक कोल्हा समोरून चालत आला. उजेडात, आम्हाला न घाबरता.

"किती जवळ येतोय बघा!" मी कुजबुजले.

सरांनी हात आडवा केला. कोल्ह्याची मान लटकत होती, तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय झोकांड्या खात होते.

"मागे व्हा. पळू नका."

आम्ही मागे सरकलो. ते काठी पुढे धरून तिथेच उभे राहिले. कोल्हा झेपावला आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावला. नवऱ्याने सरांची काठी हिसकावून त्याला झोडपलं, तो मरेपर्यंत.

मुंबईच्या हॉस्पिटलात सरांना पोटात इंजेक्शनं सुरू झाली. रोज जायचं, यायचं. नवरा सोबत असायचा. एके दुपारी दोघं परतले, तर खाली चार-पाच पुरुष काठ्या आणि सळया घेऊन निघालेले. त्यातले दोघं रविवारी आमच्याबरोबर यायचे.

सरांनी वाट अडवली. "तो एकटाच आजारी होता हो. तो मेलाय. बाकीच्यांना कशाला?"

"सर, बच्चों का सवाल है," तळमजल्यावरचे शेजारी म्हणाले. अगदी हात जोडून. आणि सरांना वळसा घालून निघून गेले.

माझा मुलगा तेव्हा रांगत होता. मला दोघांचंही पटत होतं.

बीळ त्यांना शोधावं लागलंच नाही. तोंडाशी गवत पेटवून धूर केला. संध्याकाळी कोल्हीण आणि तिन्ही पिल्लं बांधावर ओळीने पडली होती. सुजलेलं पोट धरून, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सर तिथवर चालत गेले.

"घर मीच दाखवलं यांना," ते म्हणाले.

नवऱ्याने खड्डा खणून चौघांना पुरलं.

सर वाचले. रविवारी मात्र कुणी बेल वाजवली तरी दार उघडेनासे झाले. पुढे मिठागरात भराव पडायला लागला, तोवर ते सांगलीला बहिणीकडे निघून गेले होते.