उस्ताद सेनेकेरिमचा पाणउतारा

उस्ताद सेनेकेरिमच्या तावडीतून सुटलेला माणूस आर्मेनियातल्या आमच्या अख्ख्या ग्युम्री शहरात शोधून सापडायचा नाही. पत्र्याच्या चुली बनवणारा हा माणूस. पत्रा ठोकण्यात जेवढा पटाईत, तेवढाच शेजाऱ्यांना ठोकण्यात. माझं केशकर्तनाचं दुकान त्याच्या दुकानासमोर, त्यामुळे सकाळचा पहिला मार माझ्यावर. "होवसेप, कालच्या गिऱ्हाइकाचा कान परत दिलास का रे?" असं तो रस्त्यापलीकडून ओरडायचा आणि मी साबणाचा ब्रश हातात घेऊनच उत्तर द्यायला दारात यायचो. हे झाल्याशिवाय मला कॉफी गोड लागत नसे.

आमच्या शहराचं हे असंच आहे. कोणी त्याला झारच्या राणीचं नाव दिलं, कोणी क्रांतीच्या पुढाऱ्याचं. राज्यकर्ते आले आणि पाट्या बदलून गेले. आम्ही काळ्या दगडाच्या त्याच घरांत एकमेकांची उणीदुणी काढत राहिलो. बाहेरच्याला वाटतं, ही माणसं भांडतायत. भांडत नसतात. आमच्याकडे आदराने फक्त दोघांशी बोलतात: परक्याशी आणि मढ्याशी.

हे जन्मापासून ठाऊक असूनही मी माती खाल्ली.

गेल्या फेब्रुवारीत सेनेकेरिमला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. तो इस्पितळातून घरी आल्यावर मी गाता घेऊन भेटायला गेलो. गाता म्हणजे आमची लोण्याची गोड पोळी, त्याच्या जिवाची आवडती. उशीला टेकून बसला होता, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. चाळीस वर्षं ज्याला अरे-तुरे केलं, त्याला मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही आता आराम करा. या शहरासाठी खूप केलंत तुम्ही."

त्याने भिंतीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, गहिवरलाय.

आठवड्याने त्याची बायको अरुस्याक दुकानात शिरली. खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक होतं, पण तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"खरं सांग होवसेप, डॉक्टरने तुला काय सांगितलंय?"

"मला? मी कधी डॉक्टरला भेटलो?"

"मग त्यांच्याशी असा पाद्र्यासारखा का बोललास? तू गेल्यापासून अन्न टाकलंय त्यांनी. म्हणतात, होवसेपला सगळं कळलंय, नाहीतर तो माझं कौतुक करेल का? हातोडा पुतण्याला देऊन टाक म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडलेत. डॉक्टर सांगतोय, हात हलवा, बोलत राहा, तरच सुधाराल. ऐकतंय कोण!"

"अगं वहिनी, मी आपलं प्रेमाने..."

"प्रेम घाल चुलीत! जिता माणूस पुरलास तू माझा."

ती गेली तसा मी वस्तरा मिटून ठेवला. गिऱ्हाइकाला उरलेल्या दाढीसकट मी पुढच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे पाठवून दिलं.

मला अठ्ठ्याऐंशी सालच्या भूकंपानंतरचा पहिला हिवाळा आठवला. माझी बायको शुशानिक ढिगाऱ्याखाली गेली होती. राहायला लोखंडी डब्याची खोली मिळालेली, तिच्यात मी दाढी वाढवून बसलेला. जो येई तो कुजबुजत बोले, पाठीवरून हात फिरवी, आणि मी आणखी थोडा खचत जाई. एक दिवस सेनेकेरिम खांद्यावर चूल घेऊन आला. त्याचाही भाऊ गेला होता. धुराची नळी बसवता बसवता म्हणाला, "न्हावी ना रे तू? आरशात बघ जरा. मेंढीसुद्धा शेजारी उभी राहायला लाजेल. उद्या माझी दाढी करायला ये, आणि कापलंस तर चूल परत नेईन." मी हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा. मग रडलो, तेही पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी वस्तरा हातात धरला. आज मी उभा आहे तो त्या टोमण्यामुळे, पण हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. आमच्यात असं सांगत नाहीत.

मी दुकानातल्या चुलीची नळी उपसून काढली. त्यानेच बनवलेली, वीस वर्षांत धुराचा ठिपका न सोडणारी. काजळीसकट नेऊन ती त्याच्या पलंगावर आदळली.

"ऊठ रे टिनपाटा! ही नळी केलीस की चाळणी? माझी गिऱ्हाइकं खोकत घरी जातात. आंधळ्या चांभारानेसुद्धा याहून बरी केली असती. आणि बिशपसारखा लोळतोयस काय?"

चादर काळी झाली. अरुस्याकने कपाळाला हात लावला.

सेनेकेरिम सावकाश वळला. डाव्या हाताने त्याने नळी चाचपली. अंगठा जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. मग ओठ हलायला लागले.

"तु... तुझ्या..."

अरुस्याक शब्द पुरवायला पुढे झाली, तसा मी तिचा हात धरला. त्याच्या कपाळावर घाम आला. शब्द यायचा, निसटायचा, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

"तुझ्या दुकानात... धूर... नळीचा नाही." तो थांबला, दम घेतला. "तू... तोंड... उघडतोस... म्हणून."

एकही शब्द गाळला नाही पठ्ठ्याने. मी हसायला गेलो आणि हुंदका फुटला. मला राहवेना. "सेनेकेरिम, तुझे फार उपकार आहेत रे माझ्यावर," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम पडला. घाबरून त्याने बायकोकडे बघितलं. "डॉ... डॉक्टर?"

"अरे गाढवा, डॉक्टर नाही, मी बोलतोय!" मी ओरडलो. "तू जगणार आहेस! मला छळायला जगणार आहेस!"

त्याने मला नीट निरखून घेतलं. मग अरुस्याककडे सूप मागितलं.