उशाशी कांदा

मुलीला झोपेत फिट येते, म्हणून मी तिला झोपूच दिलं नाही. हे चांगलं सहा-सात महिने चाललं.

पहिली फिट आली ती पहाटे. आतून घशातला विचित्र आवाज आला म्हणून धावलो, तर पोरगी उशीत तोंड खुपसून ताठ झालेली. मग हातपाय झाडायला लागली. मला वाटलं, गेली. बायकोने तिला कुशीवर वळवलं. मी तोवर देव्हाऱ्यातली घंटा वाजवत होतो. का, ते मला अजून सांगता येत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. बारावीनंतर पुण्याला शिकायचं, होस्टेलवर राहायचं, हे पोरीने केव्हाच ठरवलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी फिट आटोक्यात येऊ दे, मग बघू." तेव्हापासून पोरीचं सगळं लक्ष पुण्याकडे, आणि माझं तिच्या श्वासाकडे.

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर कामाला आहे. फिट आली की कांदा हुंगवावा, हे आमच्या साताऱ्याकडचं शास्त्र. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, काही हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि थांबा. पण ज्याचा जन्म कांद्यात गेला, त्याला कांद्यावाचून करमतंय थोडंच! मी गाळ्यावरचा झणझणीत लाल कांदा निवडून आणायचो आणि तिच्या उशाशी ठेवायचो.

"भाजीला कोंब आलेला आणि उशाशी एक नंबर माल," बायको म्हणायची.

कोपरखैरण्याच्या आमच्या वन बीएचकेत मी बेडरूमच्या दारातच चटई टाकली. पोरीने कूस बदलली की उठायचो. ती गप्प पडून राहिली की जास्तच घाबरायचो. जाऊन नाकाशी बोट धरायचो. बोटाला कांद्याचा वास.

"बाबा, जिवंत आहे मी," ती डोळे न उघडता म्हणायची.

"बरं बरं, झोप."

आणि थोड्या वेळाने पुन्हा बोट.

दिवसा आम्ही दोघंही मेल्यासारखे. ती क्लासमध्ये पेंगायची, मी गोण्यांना टेकून. आमचे माथाडी विचारायचे, "भाऊ, गोनीसंगं तुमालाबी टेम्पोत टाकू का?" हसायचंही त्राण नसायचं. आणि फिट? त्या वाढल्या. मी मनात म्हटलं, बघा, पहारा हवाच होता.

सानपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"एकही नाही."

"आणि झोप नीट होते?"

"त्याचं टेन्शन नको," मी छाती काढून म्हणालो, "रात्रभर मी असतो ना जवळ."

मायलेकी माझ्याकडे बघायला लागल्या. पोरगी म्हणाली, "डॉक्टर, बाबा उठवतात मला. मी जिवंत आहे का बघायला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. झोपमोड म्हणजे फिटला आवतण, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. कांदा बंद म्हटल्यावर पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्यांनी गोळी वाढवली नाही. माझी चटई हॉलमध्ये गेली, कांदा आमटीत गेला. पोरगी झोपायला लागली. फिट विरळ झाल्या, मग बरेच दिवस आल्याच नाहीत. मी मात्र हॉलमध्ये पंख्याकडे बघत पडून राहायचो. जागरणाची इतकी सवय झाली होती की झोप कशी घ्यायची तेच आठवेना.

परवा डॉक्टरबाई पोरीला म्हणाल्या, "जा पुण्याला. गोळी वेळेवर, झोप पूर्ण, आणि कुशीवर कसं वळवायचं ते रूममेटला शिकव." पोरगी हसली. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

"पण मॅडम," मी म्हणालो, "तिथं रात्री तिच्याकडे बघायला कोण असणार?"

बाई काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "तुमी नसनार ना तिथं? मग झालं. निम्मं औषध तेच हाय."