गाळलेली ओळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी अक्काचा उजवा दंड तापलेल्या खापराला लागला. तिसऱ्या दिवशी ती एस.टी.ने धुळ्याला आली आणि माझ्या टेबलासमोर बसली.

“कुसुम, ताप आहे गं,” ती म्हणाली. “आणि हात जड झालाय.”

मी पदर बाजूला केला. दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा वर, निळी शाई फासलेली होती. भाजल्यावर शाई लावायची आमच्याकडे रीत आहे. ओल्या कापसाने ती पुसली. खाली फुटलेला फोड होता आणि त्याच्याभोवतीची लाली खांद्याकडे निघाली होती.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द फारसा कुणाला माहीत नव्हता. वॉर्डातल्या बायका मला ‘व्यायामवाली बाई’ म्हणत. ते बरोबरच होतं. ऑपरेशन झालेलं माणूस पुन्हा हलतं करायचं, हे माझं काम.

अक्का माझी थोरली बहीण. धरणगावला दिलेली. माघात तिच्या उजव्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. त्या काळी नुसती गाठ काढत नसत. स्तन, त्याच्या खालचे स्नायू आणि काखेतल्या लिम्फच्या गाठी, सगळं काढत. लिम्फच्या गाठी आपल्या सगळ्यांनाच असतात. हातातलं पाणी त्यांच्यातून निचरतं आणि जंतूही तिथेच अडतात. त्या काढल्या की हात सुजू शकतो, साधा ओरखडाही चिघळतो. शिवाय काखेतली एक नस तुटते आणि दंडाची आतली बाजू बधिर होते. अक्काची ती बाजू मी स्वतः टाचणी लावून तपासली होती. केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे : टोचलेले कळत नाही.

आमच्या सर्जनांचं मत होतं की हात दीड महिना छातीशी बांधून ठेवावा.

“सर, खांदा आखडेल,” मी म्हटलं. “मग केसही विंचरता येणार नाहीत.”

“बहिणीची केस आहे म्हणून बोलताय की फिजिओ म्हणून?”

“दोन्ही.”

“ठीक आहे. टाके निघाल्यावर करा सुरू. जबाबदारी तुमची.”

अक्काला केसांची काळजी नव्हती. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने विचारलं होतं, “मांडे करता येतील ना गं?”

मांडा म्हणजे खानदेशातली पुरणपोळी, पण ती पाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत खेळवत मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. अक्काचा मांडा फाटत नसे. गल्लीत कुणाकडेही कार्य असलं की तिला बोलावणं येई. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या बहिणीला गावात जो मान होता, तो या हातांचा होता.

घरी गेल्यावर मी तिला भिंतीवरचा व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू वर चढायचं. दुखलं की थांबायचं. दर रविवारी मी धरणगावला जाई आणि बोटं जिथवर पोचत तिथे गेरूने रेघ ओढत असे.

तिच्या सासूबाई दारातून बघत. “भितवर पालसारखी काय चढस व माय? एक दिन पडशी!”

“पडले तर शुभ की अशुभ, पंचांगात बघून ठेवा,” अक्का म्हणाली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मी तिला एक यादीही लिहून दिली होती. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यातली यादी मी मराठीत उतरवली. घागर उचलू नये. जातं ओढू नये. त्या हाताला इंजेक्शन घेऊ नये. पुस्तकात आणखी एक ओळ होती : ओव्हनमधून भांडं काढताना हातात मोजा घालावा. मला तेव्हा हसू आलं होतं. धरणगावात ओव्हन कुणाकडे आहे? ती ओळ मी गाळली.

आठव्या रविवारी बोटं कॅलेंडरच्या खिळ्याला लागली. मग मीच तिला पंचा भिजवून दिला आणि तो मांड्यासारखा दोन्ही हातांवर खेळवायला लावला. पुस्तकात नसलेला हा व्यायाम मला सुचल्याचा अभिमान वाटला होता.

आखाजीला पितरांना मांड्यांचा नैवेद्य लागतो; ती आठ दिवसांवर आली, तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. “पितरस्ले तवावरनी पोळी देवानी का? मांडाम्हा काय वजन शे? कागदसारखा तर शे.”

अक्का माझ्याकडे बघत राहिली. “तू म्हणशील तसं, कुसुम.”

मी वजनाचा विचार केला. खांद्याचा केला. दमण्याचाही केला. विस्तवाचा केला नाही.

“कर,” मी म्हटलं. “दमलीस की थांब.”

तिने अकरा मांडे केले. बारावा सोडताना दंड खापराला टेकला. तो टेकलेला तिला कळलाच नाही.

“करपल्याचा वास आला,” ती मला सांगत होती. “मला वाटलं पुरणच लागलं. सासूबाई जाळ घालत होत्या, त्यांना म्हटलं जाळ कमी करा.”

सर्जनांनी पेनिसिलीन सुरू केलं. हात तपासून ते म्हणाले, “बांधून ठेवा म्हटलं होतं.”

“सर, खांदा पूर्ण हलतोय.”

“हलतोय ना. म्हणूनच खापरापर्यंत पोचला.”

हात बांधून ठेवणं चूकच होतं, असं मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी ते बरोबर होते.

ताप पाच दिवसांत उतरला. सूज उतरली नाही. मी टेप लावून घेर मोजत राहिले. डाव्यापेक्षा उजवा दंड दोन इंच जाड, मग अडीच. चोळीची बाही उसवून तिथे दुसऱ्या कापडाचा तुकडा लावावा लागला. हात उशीवर ठेवून ती ओट्यावर बसू लागली. बोलावणी यायची थांबली. लोक वाईट नव्हते. तिला त्रास नको म्हणून बोलावत नसत.

“बोट बोट चढवलंस मला भिंतीवर, आणि पडले ती खापरावर,” एकदा ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी दुखणं फुफ्फुसात गेलं. पुढची आखाजी तिने पाहिली नाही. भाजण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं सर्जन म्हणाले. मी नंतर मिळेल ते वाचलं. ते खरं आहे. पण तिचं शेवटचं वर्ष त्या हातासकट गेलं, आणि त्याचा संबंध माझ्याशी आहे.

दुसऱ्यांच्या घरासाठी लिहिलेली सूचना आपल्याकडे आणताना ओळ गाळायची नसते, वस्तू बदलायची असते. पुढे नोकरी संपेपर्यंत माझ्या यादीची पहिली ओळ तीच होती : चूल, तवा, खापर यांपासून हा हात लांब ठेवावा, भाजलेले कळणार नाही.

आखाजीला त्या घरात आता तव्यावरच्या पोळ्या होतात. भिंतीवर गेरूच्या दहा रेघा आहेत.